लाल ब्रेक आणि थोरल्यांचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. मुरडायचंच असेल तर माझं सगळं ऐकून झाल्यावर मुरडा. कुणाकडे बघून मुरडायचं ते मी सांगेन.

मी शाळेत गेलेली नाही. शाळेच्या फाटकापर्यंत मात्र रोज जाते आणि फाटकाबाहेर उभं राहून जे कानावर पडतं तेवढंच माझं शिक्षण. वाचता येतं ते पाट्यांवरचं. तेव्हा माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. खोटं मात्र काही येणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं माझा दरवाजा लावून बघितला, उघडला, परत लावला आणि कान देऊन ऐकला. 'धप्प' असा भरीव आवाज आला तेव्हाच त्यानं मला पुढं जाऊ दिलं. हल्लीच्या गाड्यांचे दरवाजे डब्याचं झाकण पडावं तसे वाजतात. असो. मला कुणाची निंदा करायची नाही. म्हणजे करायची आहे, पण क्रमानं.

मला विकत घेतलं थोरल्यांनी. थोरले म्हणजे या घरचे आजोबा. त्यांचं कपडे धुऊन, इस्त्री करून घरपोच देण्याचं दुकान होतं. त्यांनी माझ्या मागच्या सीटवर धुवट चादर अंथरली आणि वर आडवी दांडी बसवून घेतली. त्या दांडीला कडक इस्त्रीचे कोट नि शर्ट टांगलेले असत. माझ्या पोटात कायम ऊन ऊन कपड्यांचा वास. असं सोवळं आयुष्य मी काढलेलं आहे, मित्रांनो. पुढं माझ्या वाट्याला जी घाण आली ती मला जास्त का झोंबली, ते यावरून समजा.

थोरल्यांच्या खिशात एक रुमाल असे. मूळचा पांढरा, पण तपकिरी चटक्यांनी भरलेला. कारण दुकानाचा नियमच तो. इस्त्री तापली की ती आधी आपल्या रुमालावर टेकवायची. रुमाल जळला नाही, तरच गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायचा. नवा कामगार आला की थोरले त्याला पहिल्या दिवशी रुमाल द्यायचे आणि म्हणायचे, "जळायचं असेल तर आधी आपलं जळू दे."

माझ्याशीही ते तसेच वागत. रोज निघण्याआधी अंगणातल्या अंगणात मला जरा पुढं घेत, ब्रेक दाबत आणि विचारत, "थांबतेस ना, बाई?" मी जागच्या जागी थांबे. मगच फाटक उघडे.

विचारायला कारणही होतं. घर टेकडीवर, दुकान नि शाळा खाली. मधे उताराचा रस्ता, त्याला एक मोठं वळण, वळणापासून खाली चौकापर्यंत दगडी भिंत. उतार संपतो तिथं चौक आणि सकाळच्या वेळी चौक ओलांडणारी शाळेची पोरं. त्या उतारावर पळता येणं हे काही कौतुक नाही. पळतं तिथं रिकामं पिंपसुद्धा. थांबता यायला हवं.

थोरले गेले. दुकान आणि मी, दोघंही त्यांच्या मुलाकडे आलो. त्याला थोरले लहानपणापासून 'राजे' म्हणत, कारण उठायचा उशिरा आणि हुकूम सोडायचा अंथरुणातून. राजांनी दुकानात जागा पकडली ती गल्ल्यामागची खुर्ची. हातात फोन. फोनमध्ये गाड्या. धुणं, इस्त्री, पोचवणं सगळं सूनबाईच्या अंगावर. सूनबाई मला चालवायला शिकली ती थोरल्यांकडून, त्यामुळे तिचा पाय हलका आणि नजर लांब. सकाळी मागं कपडे टांगायचे, त्यांच्या खाली आपली लेक चिमणी बसवायची आणि उतार उतरायचा, हा तिचा नेम.

वय झालं तसे माझे ब्रेक उतरले. यात लाजण्यासारखं काही नाही. मित्रांनो, माझ्या पुढच्या चाकांबरोबर एक लोखंडी चकती फिरते आणि ब्रेक दाबला की दोन ठोकळे तिला दोन्हीकडून चिमटा काढतात. त्या ठोकळ्यांना पॅड म्हणतात. बोटांची नखं झिजली तर चिमटा बसेल का? तसंच ते.

सूनबाईच्या ते लगेच ध्यानात आलं.

"अहो, ब्रेक फार खाली जातोय."

"जुनी गाडी आहे गं. जरा आधी दाबायचा," राजे म्हणाले. फोनवरून डोळे न काढता.

ती पुन्हा बोलली तेव्हा त्यांनी शिळ्या बाटलीतलं ब्रेक ऑइल माझ्या डब्यात ओतलं आणि हात झटकले. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा काय केलं सांगू? मला मोठा हॉर्न बसवला! एवढा थोरला कर्णा. गल्लीतली बाळं दचकून रडायला लागायची.

"आता लोक आपणहून बाजूला होतात की नाही बघ!" राजे म्हणाले.

गाडी थांबत नाही, तर माणसांनी पळावं! मला त्या कर्ण्याची शिसारी आली. आयुष्यभर हळू आवाजात 'पीं' म्हणणारी बाई मी, आणि म्हातारपणी माझ्या तोंडून बाजारातल्या भांडखोरासारखं ओरडवून घ्यायचं. शी!

एका सकाळी चौकात मी पांढऱ्या पट्ट्याच्या पुढं जाऊन थांबले. त्या दिवशी सूनबाईनं किल्ली गल्ल्यावर आपटली.

"ब्रेक नीट झाल्याशिवाय चिमणी या गाडीत बसणार नाही."

राजांना एकदम चेव आला. "असे ब्रेक बसवतो बघ, की अख्खी गल्ली बघत राहील!"

"गल्लीनं बघायला नकोय. गाडी थांबायला हवीय."

"तेच ते."

"ते तेच नाही," सूनबाई म्हणाली, पण इस्त्रीचं नवं यंत्र घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे तिनं काढून दिले. तिला वाटलं, निदान थोडक्यात भागवतील.

राजांनी मला नेलं वस्तादाकडे. वस्ताद हे नाव त्याला गल्लीनं दिलेलं. कशात वस्ताद, ते कुणी विचारलं नाही. गॅरेज कसलं, उकिरडा! जमिनीवर काळं ऑइल, त्यात पडलेला अर्धा खाल्लेला पाव, आणि वस्ताद त्याच बोटांनी नाक पुसून तीच बोटं माझ्या धुवट चादरीला पुसायचा. माझ्या अंगावर काटा उभा राहिला असता, पण मला काटे नाहीत.

"वस्ताद, कमी पैशांत रेसच्या गाडीचे ब्रेक बसले पाहिजेत."

"शेठ, तुम्ही फक्त बोला."

दोघं भंगारवाल्याकडे गेले आणि एका चेपलेल्या, दिमाखदार गाडीच्या चकत्या नि त्यांचे ठोकळे धरणारे चिमटे काढून घेऊन आले. चकत्यांना चाळणीसारखी भोकं. त्यांच्यावर कुठल्या कुठल्या रस्त्यांचा चिखल सुकलेला. कुणाची तरी कवळी नळाखाली विसळावी आणि आपल्या तोंडात कोंबावी, तसं मला झालं. माणसाला निदान ओकता तरी येतं.

बरं, ती कवळी तरी तोंडात मावावी? चकत्या थोराड, माझी चाकं लहान. मग मोठी चाकं घेतली, चकचकीत. ती वळताना पत्र्याला घासायला लागली. मग हातोड्यानं ठोकून माझे पत्रे वर मुरडले, मास्तरांनी पोराचे कान पिरगाळावेत तसे. मी काय गुन्हा केला होता? ब्रेक मागितला होता.

शेवटी आली नळी. ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी असते. नवे चिमटे लांब बसल्यामुळे माझी जुनी नळी त्यांना पुरेना.

"शेठ, नळी जरा तोकडी पडतेय."

"ओढून बघ की."

"ओढली तर बसतेय."

"मग बसव. नव्या नळ्यांना पैसे कुठायत आता?"

"आणि रंगाला?"

"रंगाला आहेत."

ऐकलंत ना? मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मला माझ्याच कानांची घाण वाटली.

रंग लाल. पुढच्या चिमट्यांना तर फासलाच, पण मागच्या चाकांचे ब्रेक, ज्यांना ड्रम म्हणतात, ते उघडूनसुद्धा न बघता वरच्यावर लाल करून टाकले. आंघोळ न करता तोंडाला पावडर थापतात ना, तसं. गल्लीत मी गेले तेव्हा शेजारी गोळा झाले. "वा! लाल म्हणजे रेसचे!" कुणी वाकून फोटो काढले. ज्या माणसांना मी वर्षानुवर्षं कडक शर्ट पोचवले, ती माणसं माझ्या चाकांत तोंड घालून लाळ गाळत होती. एकानंही विचारलं नाही, की थांबते का?

राजांनी गॅरेजमागच्या सपाट रस्त्यावर मला एकदा पळवलं, एकदा थांबवलं आणि "झकास!" म्हणाले. उतारावर नेलं नाही. वळणावर वळवलं नाही. मागं ओझं घातलं नाही. थोरल्यांचा मुलगा, आणि त्यानं तापलेली इस्त्री रुमालाला न लावता सरळ गिऱ्हाइकाच्या कपड्यावर नेली. गिऱ्हाईक कोण, तर स्वतःची बायको आणि लेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागं दवाखान्याचे पांढरे कोट टांगले होते. कोटांखाली चिमणी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. सूनबाईनं अंगणात ब्रेक दाबून बघितला. लागला. लागणारच, अंगण सपाट. आम्ही उताराला लागलो.

वळण आलं. सूनबाईनं सुकाणू पुरतं फिरवलं, आणि चाक वळल्याबरोबर ती ताणलेली नळी टचकन तुटली. ऑइल रस्त्यावर. मित्रांनो, माझ्या काळच्या मोटारींच्या ब्रेकला ऑइलची एकच वाट असते. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक संपला. सूनबाईचा पाय फळीला जाऊन टेकला. पायाखाली काहीच नाही.

तिनं तो कर्णा दाबला. चौकातल्या एकानंही मान वळवली नाही! राजांच्या त्या ओरडण्याला गाव इतकं विटलेलं, की आज खरं ओरडतंय हे कळणार कुणाला? पोरं आपली रमतगमत पट्ट्यावरून चाललेली.

"चिमणे, कोटांत डोकं घाल! उशीसारखे धर!"

"का गं आई?"

"विचारू नकोस. धर!"

आवाज असा, जणू दुकानात मोड मोजतेय. तिनं खालचा गिअर टाकला. माझं इंजिन किंचाळलं, पण वेग मोडला. मग तिनं हाताचा ब्रेक धरला. तो तारेनं ओढला जातो, त्याला ऑइल लागत नाही, आणि तो जातो मागच्या ड्रमना. त्या लाल फासलेल्या, न उघडलेल्या, माझ्या जन्माच्या ड्रमना. थोरल्यांनी तिला शिकवलं होतं, "पोरी, हा हिसक्यानं ओढायचा नाही. चिखलातून पाय काढतात तसा काढायचा." तिनं तसाच ओढला, थोडा थोडा. आणि माझी डावी कूस दगडी भिंतीला घासत नेली. तिनं मला भिंतीला लावलं याचा मला राग नाही. मीही तेच केलं असतं.

थांबले. पांढऱ्या पट्ट्यावर माझं नाक, आणि नाकापुढं पाण्याची बाटली गळ्यात अडकवलेली एक एवढीशी मुलगी. तिनं माझ्याकडे बघितलं, जीभ दाखवली आणि निघून गेली. बरं झालं. तिला काही कळलं नाही.

भिंतीला घासून मागचा दरवाजा उघडला होता. एक सोडून सगळे कोट गटारात. हिरव्या-काळ्या पाण्यात पांढऱ्या बाह्या पसरलेल्या. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

राजे धावत खाली आले. आले ते थेट चाकापाशी बसले. "अरेरे, चाकाला केवढा ओरखडा गं! नवं कोरं होतं!"

तेवढ्यात गाडीत उरलेल्या एका कोटाच्या आतून चिमणीनं डोकं बाहेर काढलं. "पप्पा, झालं का? काढू का डोकं?"

राजे बसल्या जागी खाली टेकले. ही गाडीत होती, हे त्यांच्या डोक्यात तेव्हा आलं. तोंड पांढरंफटक पडलं. गटारातल्या पाण्यात धोतराचा सोगा भिजावा तशी त्यांची पँट भिजत होती, त्यांना कळत नव्हतं. कीव यायला हवी होती. मला नाही आली.

सूनबाईनं गटारातून एक कोट उचलला, पिळला आणि त्यांच्यापुढं धरला.

"कशाचा डाग आहे हा? सांगा. दुकानदार ना तुम्ही?"

"गटाराचा."

"नीट बघा."

राजांनी मान खाली घातली. "माझा."

"निघेल का?"

राजे गटारातले बाकीचे कोट वेचायला लागले.

मग सूत्रं सूनबाईनं घेतली. चकचकीत चाकं, चाळणीच्या चकत्या, तो कर्णा, सगळं विकून टाकलं. माझी जुनी चाकं वस्तादाच्या मागच्या अंगणात मिळाली. त्यांत पाणी साठून डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ती चाकं तीन तीनदा धुवून घेतली तरी पायांत घालताना मला शहारा आला. पण आपली ती आपली. माझ्या मूळच्या चकत्या साफ करून बसवल्या. नवे पॅड, नव्या पुरेशा लांबीच्या नळ्या, जुनं ऑइल सगळं काढून नवं. मागचे ड्रम उघडले, तेव्हा आतून जी काळी भुकटी निघाली ती मी सांगत नाही, तुम्ही जेवणार असाल.

"एवढंच लागत होतं?" सूनबाईनं वस्तादाला विचारलं.

"एवढंच, वहिनी."

"आणि तुझ्या त्या रंगापेक्षाही स्वस्तात?"

"जवळजवळ."

"मग आधीच बोलायला काय झालं होतं?"

"शेठ लाल मागत होते." वस्तादानं नाक पुसलं. या वेळी स्वतःच्या बाहीला. सूनबाई समोर उभी होती ना!

काम संपलं. मी टेकडीवरच्या अंगणात उभी. सूनबाई दुकानाच्या गल्ल्यातून थोरल्यांचा तो चटक्यांचा रुमाल घेऊन आली होती. तो तिनं माझ्या काचेमागं ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"आपल्या घरात तापलेली इस्त्री आधी कुठं टेकवतात?"

राजांनी रुमालाकडे बघितलं. "आपल्या रुमालावर."

"मग बसा. वस्ताद, तूही बस. पुढं. चालवणार मी. चिमणी आज पायी जाईल."

"वहिनी, माझ्याकडे गिऱ्हाईक थांबलंय—"

"माझ्या गिऱ्हाइकाचे कोटही गटारात थांबले होते. बस."

वस्ताद माझ्या दारापर्यंत आला. एक पाय आत घातला. मग तो पाय त्यानं बाहेर काढला.

"एक मिनिट हां, वहिनी. नट जरा परत बघून घेतो."

ऐकलंत, मित्रांनो? स्वतः बसायची वेळ आली तेव्हा नट परत बघावेसे वाटले! तो माझ्याखाली पाठीवर सरकला आणि चारही चाकांपाशी पाना फिरवला. एक नट पाऊण फेरा फिरला. सगळ्यांनी बघितलं. सूनबाई हाताची घडी घालून उभी राहिली. मग राजेही गुडघ्यांवर आले, शर्टाची इस्त्री मोडून माझ्या पोटाखाली शिरले आणि वस्तादाला म्हणाले, "ती नळी पूर्ण वळवून दाखव. हां, दुसऱ्या बाजूला पण." एवढी वर्षं मी त्या घरात आहे, राजांनी मला खालून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आम्ही उतरलो. वळणावर, भिंतीवरच्या माझ्या ओरखड्यासमोर, सूनबाईनं ब्रेक दाबला. मी थांबले. ठाम. थोरल्यांच्या वेळेसारखी. वस्तादाचे घामेजलेले पंजे माझ्या पुढच्या फळीला चिकटले होते. त्यांचे ओले ठसे उमटले. शी! पण ते पुसले नाहीत तरी चालतील, असं मला एकदाच वाटलं.

आता शाळेची फेरी राजे मारतात. चिमणी अंगणात दप्तर घेऊन उभी राहते, आत बसत नाही. राजे मला जरा पुढं घेतात, ब्रेक दाबतात. "थांबते का?" ती विचारते. "थांबते," ते म्हणतात. "परत," ती म्हणते. तिच्या आईची लेक आहे.

मागच्या ड्रमवर तो लाल रंग अजून आहे. खरवडायला कुणाला सवड नाही. चाक फिरलं की तो लाल वळसा मला दिसतो आणि रोज सकाळी नव्यानं मळमळतं. राहू दे. तो बघून राजांनाही मळमळतं, हे मी बघितलंय.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. तिला नवा रंग नको, मोठा आवाज नको. तिच्या झिजलेल्या ठोकळ्यांकडे वेळेवर बघा, तिच्या नळ्या तोकड्या ठेवू नका. पैसे थोडे असतील तर आधी थांबण्यावर खर्च करा, मिरवायचं नंतर बघू. आणि तुम्ही लहान आहात, तुमच्या हातात पाना नाही, पैसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण तोंड आहे ना? गाडीत बसण्याआधी विचारा, "थांबते का?" मोठं माणूस हसून "हो रे, थांबते" म्हणालं, तर दारातून बाजूला व्हा आणि म्हणा, "मग आधी तुम्ही बसा."